गरीब तपासणारी कमिटी

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. एखाद्या सरकारी कमिटीचं क्लार्क व्हावं, टेबलाच्या कोपऱ्यात टाक-दौत घेऊन बसावं आणि तोंड बंद ठेवावं. दर मीटिंगला एक तरी किस्सा पदरात पडतो. मी गोंदियात तेरा वर्षं हेच केलं. बाकीचे लोक नोकरी संपल्यावर घड्याळ आणि हार घेऊन घरी जातात, मी किस्से घेऊन आलो. चार मित्र चहाला जमले की कोणीतरी म्हणतंच, "बाबू, तुझ्या कमिटीचं सांग." मी सांगतो, ते हसतात. मला मात्र सांगताना अजूनही संताप येतो, आणि तो लपवण्याचं वय आता राहिलेलं नाही.

काळ इंग्रजांचा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. हुशार पण गरीब मुलांना नागपूरला कॉलेजात शिकता यावं म्हणून सरकार स्कॉलरशिप द्यायचं. गरीब कोण, हे तपासून वर कळवायचं काम आमच्या कमिटीचं. मेंबर तीन, आणि तिघांपैकी एकानंही गरिबी कधी जवळून पाहिलेली नव्हती. बहुधा तीच नेमणुकीची अट असावी.

अध्यक्ष रावसाहेब. राइस मिलचे मालक. बोलायचे अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि इंग्रजी आलं की माझ्याकडं बघायचे. दुसरे वकीलसाहेब. त्यांना माणूस दिसायचा नाही, नियम दिसायचा. तिसरे हायस्कूलचे हेडमास्तर. हेडमास्तर दर ठरावाला एकच वाक्य बोलायचे, "योग्य आहे." मी तेरा वर्षांत त्यांच्या तोंडून "अयोग्य आहे" ऐकलं नाही. मीटिंग रावसाहेबांच्या मिलच्या ओसरीवर व्हायची. तिथं कोंड्याची धूळ उडायची, आणि चहाच्या कपावर ताटली झाकून ठेवावी लागायची.

०

पहिला मालगुजाराचा सांगतो. मालगुजार म्हणजे गावाचा धनी, शेतसारा वसूल करणाराही तोच. अर्जाला गरिबीचा दाखला जोडावा लागायचा आणि तो गावच्या मालगुजारानंच सही करून द्यायचा. एके वर्षी असा एक दाखला आला की, अर्जदाराचं आडनाव आणि सही करणाऱ्याचं आडनाव एकच. मी कागद रावसाहेबांपुढं सरकवला.

मालगुजार बाहेरच होते. स्वतःच्या घोड्यावरून आले होते आणि घोडा मिलच्या फाटकाला बांधला होता. त्यांना आत बोलावलं.

"मालगुजारजी, ये लड़का आपका है?" रावसाहेबांनी विचारलं.

"माझाच."

"आणि तो गरीब आहे, असं तुम्हीच लिहून दिलंत?" वकीलसाहेब.

"देईन नाही तर काय. शेती माझ्या नावानं, घर माझ्या नावानं, गावचा तलाव माझ्या नावानं. त्याच्या नावानं काय आहे, दाखवा. मी जिवंत आहे तोवर तो गरीबच."

वकीलसाहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, चष्मा पुसला. "गावात दाखला देण्याचा अधिकार फक्त मालगुजाराचा. दुसऱ्या कोणी दिला असता तर नामंजूर करावा लागला असता."

"योग्य आहे," हेडमास्तर म्हणाले.

स्कॉलरशिप मंजूर झाली. जाताना मालगुजार माझ्या टेबलापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "बाबूजी, धाकटाही आहे. तोही एवढाच गरीब आहे. त्याच्या दाखल्यावर आत्ताच सही करून ठेवू का?"

०

ही मुलं नागपूरला का जायची? कारण आमच्याकडं कॉलेज नव्हतं. कॉलेजच्या कोनशिला मात्र होत्या. तीन.

स्टेशनच्या पलीकडं एका माळावर सरकारनं जागा दिली होती. दर काही वर्षांनी बांधकामाला ग्रँट यायची. ग्रँट आली की रावसाहेब एखाद्या बड्या गोऱ्या साहेबाला कोनशिलेला बोलवायचे. शामियाना, बँड, हार, मेजवानी, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाला नागझिऱ्याच्या जंगलात शिकार. साहेब एखादं चितळ मारून खुशीत परत जायचा. तोवर ग्रँट संपलेली असायची.

तिसऱ्या खेपेला जो साहेब आला तो जरा चौकस निघाला. हातात थापी घेऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं. शेजारी दोन जुन्या कोनशिला गवतात उभ्या होत्या, एकीला कोणाची तरी शेळी बांधलेली. त्यानं विचारलं, कॉलेज कुठं आहे?

मी रावसाहेबांना मराठीत सांगितलं. रावसाहेब क्षणभरही अडखळले नाहीत. हात जोडून म्हणाले, "हुज़ूर, अभी तो हम नींव पक्की कर रहे हैं."

साहेबाला ते पटलं. त्यानं थापी फिरवली, टाळ्या झाल्या, बँड वाजला. शेळी मात्र बिथरून दावं तोडून पळाली. त्या माळावर त्या दिवशी शहाणपणानं वागलेली तेवढी एकच.

०

आता तुळशीरामची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

गरीब ओळखण्याची रावसाहेबांची स्वतःची रीत होती. ते म्हणायचे, "काग़ज़ झूठ बोलता है. आँख से देखो." म्हणून सगळ्या अर्जदारांना ओसरीवर बोलावून एकेकाला न्याहाळायचं. कपडे फाटके असले तर गरीब. हे बाजारात पसरायला किती वेळ लागतो? मिलसमोरच एक शिंपी बसायचा. त्यानं एक सदरा तयार ठेवला. कोपरावर ठिगळ, खांद्यावर ठिगळ, कॉलर उसवलेली. मीटिंगच्या दिवशी मुलं तो अंगावर चढवायची, आत जाऊन यायची, बाहेर येऊन काढून पुढच्याला द्यायची. शिंपी कोणाकडून केळी घ्यायचा, कोणाकडून सुपारी.

त्या वर्षी मी मोजले, सात मुलं त्या एका सदऱ्यात येऊन गेली. लहान चणीच्या पोराच्या तो गुडघ्यापर्यंत यायचा, उंच पोराचं पोट उघडं पडायचं. रावसाहेबांनी सातही जणांपुढं "अति गरीब" लिहायला सांगितलं. फक्त सहाव्याच्या वेळी ते हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "देखिए मास्टरजी, सारे ज़िले में ग़रीबी एक जैसी है."

"योग्य आहे," हेडमास्तर म्हणाले.

आठवा तुळशीराम. सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातला, धानाची थोडीशी बांधी कसणाऱ्या झिंगरूजींचा मुलगा. मॅट्रिकला आमच्या हायस्कुलात पहिला आलेला. त्याला शिंप्याचा धंदा ठाऊकच नव्हता. त्याच्या मायनं त्याचा एकुलता एक सदरा धुऊन, भाताच्या पेजेची खळ देऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून दिला होता. तो आत आला तोच सगळे त्या सदऱ्याकडं पाहायला लागले.

"हा सदरा कोणाचा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"माहाच हाय जी."

वकीलसाहेब माझ्याकडं वळले. "लिहा, अर्जदाराकडे स्वतःचा सदरा आहे."

मी लिहिलं. मेंबरांत थोडी कुजबुज झाली. मॅट्रिकला पहिला आलेला मुलगा सरळ नामंजूर करणं बरं दिसेना. शेवटी ठरलं की कमिटी त्याच्या घरी जाऊन परिस्थिती डोळ्यांनी पाहील.

०

घरी पाहणीला जाणं रावसाहेबांना मनापासून आवडायचं. छोट्या रेल्वेगाडीनं सौंदड, तिथून गावच्या मालगुजाराचा छकडा. आमचा निरोप दोन दिवस आधी पोचला होता, आणि खरा घोटाळा तिथंच झाला.

आमच्या भागात दारी पाहुणा आला तर त्याला घरचा रोजचा जाडा तांदूळ वाढत नाहीत. घरचे उपाशी राहिले तरी चालेल, पण पाहुण्याच्या पानात बारीक, वासाचा तांदूळ पडला पाहिजे. आणि आमची कमिटी म्हणजे साधा पाहुणा नव्हे. तीन पाहुणे आणि चौथा मी.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. घर म्हणजे मातीच्या भिंती आणि कौलं. बसायला शेजारून आणलेल्या दोन खाटा. पानं वाढली. चिन्नोरचा भात, त्याचा वास अंगणभर. वर तूप. वाटाण्याची उसळ, तळलेली मासोळी. झिंगरूजी हात जोडून उभे, माय दाराआडून वाढायला सांगत होती. वकीलसाहेबांनी भात तीनदा घेतला. रावसाहेब बोटं चाटत म्हणाले, "वाह, मेरी मिल में भी ऐसा चावल नहीं निकलता."

परतीच्या वाटेवर छकड्यातच वकीलसाहेबांनी रिपोर्ट सांगायला सुरुवात केली. "अर्जदाराचे घरी नित्य चिन्नोर भात व तूप खाण्यात असते. स्थिती सुखवस्तू." नित्य हा शब्द त्यांचा. अक्षर माझं.

"योग्य आहे," हेडमास्तर म्हणाले आणि ढेकर दिला.

आठ दिवसांनी झिंगरूजी नामंजुरीचा कागद घेऊन कचेरीत आले. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, "बाबूजी, तो चिन्नोर आमी खात नाई जी. पेराले ठेवला होता. बिजाचं धान होतं. तुमी येऊन रायले म्हनून पोट्ट्याच्या मायनं कांडलं."

"मग कशाला कांडलं? जाडाच वाढायचा होता," मी म्हणालो.

झिंगरूजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शहाणा माणूसच नाही. "पावन्याले जाडा तांदूळ कायले वाढू? गरीब हावो, पन इज्जतीनं रायतो ना जी."

त्यातला एक घास मीही खाल्ला होता. चवीला फार सुंदर होता, म्हणून विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी तुळशीरामनं पुन्हा अर्ज केला. वकीलसाहेबांनी जुना रिपोर्ट काढला. "गेल्या वर्षी सुखवस्तू होता. एका वर्षात गरीब झाला असेल तर कमिटीचा रिपोर्ट चुकला असं होईल. कमिटीचा रिपोर्ट चुकत नाही." तुळशीराम गेला आणि एका खेड्यातल्या खाजगी शाळेत मास्तरकी करू लागला.

०

मध्येच एक छोटा, सालेकशाकडचा.

जंगलातल्या गोंड मुलांसाठी एक वेगळा फंड आला होता. मुलगा शाळेच्या वरच्या वर्गात गेला की त्याचं राहणं-जेवण सरकार करणार. जाहिरात लावायचा हुकूम होता. आमच्या कमिटीनं ती इंग्रजीत लिहून वकीलसाहेबांच्या ऑफिसच्या दारावर लावली. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. ऑफिस चालू असेपर्यंत कागद भिंतीकडं तोंड करून असायचा, आणि ऑफिस बंद झाल्यावर अंधार पडलेला असायचा.

मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, कचारगडच्या जत्रेला सगळा गोंड समाज जमतो. तिथं कोणी जाऊन गोंडीत सांगितलं तर?"

"वहाँ कौन पढ़ता है?" रावसाहेब म्हणाले.

"म्हणूनच तर फंड आहे, साहेब."

माझ्या या बोलण्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. वर्षअखेर एकही अर्ज आला नाही. आम्ही वर कळवलं की तालुक्यात कोणी गरजू आढळला नाही. तीन वर्षं असंच. चौथ्या वर्षी नागपूरहून पत्र आलं. गरज नसल्यामुळे फंड बंद करण्यात येत आहे, आणि तालुक्याच्या या समाधानकारक प्रगतीबद्दल कमिटीचं अभिनंदन!

रावसाहेबांनी त्या पत्राला काच बसवून घेतली. मिलच्या ओसरीवर ते बरीच वर्षं टांगलेलं होतं. सालेकशाहून डोक्यावर मोहाची टोपली घेऊन आलेली माणसं मिलच्या दारात सावलीला बसायची, ती त्याच्या खालीच बसायची.

०

मग बेचाळीस साल आलं.

त्या ऑगस्टात तुळशीराम शाळेतून थेट गोंदियाला आला आणि कॉलेजच्या माळावर लोक जमले होते तिथं बोलायला उभा राहिला. उंचावर उभं राहायला काहीतरी हवं म्हणून तिसऱ्या कोनशिलेवर चढला. पोलिसांनी त्याला तिथूनच खाली उतरवलं आणि नागपूरच्या तुरुंगात पाठवलं. त्या दगडावर चढून कोणी काही शिकवल्याचा तेवढा एकच प्रसंग.

इकडं हेडमास्तरांची झोप उडाली. हायस्कूलच्या हॉलमध्ये मॅट्रिकला पहिल्या आलेल्या मुलांच्या नावांचा लाकडी फळा होता. त्यावर तुळशीरामचं नाव होतं. हेडमास्तरांनी पेंटर बोलावून त्या नावावर काळा रंग मारून घेतला. तो मॅट्रिक झाला त्या वर्षी आमच्या हायस्कुलात पहिलं कोणीच आलं नाही, असा तो फळा सांगू लागला.

चार वर्षांनी वारा फिरला. काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. रावसाहेबांनी रावसाहेबकीचा किताब सरकारला परत केला, खादीची टोपी घातली, आणि तरी त्यांना कोणी रावसाहेब म्हटलं नाही की त्यांचं तोंड उतरायचं. हेडमास्तरांनी त्याच पेंटरला बोलावलं आणि तुळशीरामचं नाव पुन्हा लिहायला सांगितलं, या खेपेला सोनेरी रंगात.

पेंटर शिडीवर चढला, ब्रश बुडवला आणि वरून विचारता झाला, "गुरुजी, पक्का रंग मारू का कच्चा? नाई, मंग पुसायले त्रास होते म्हनून विचारून रायलो."

हेडमास्तर यावर "योग्य आहे" म्हणाले नाहीत. पेंटरनं आपल्या मनानं कच्चा मारला.

०

आता शेवटचा.

तुळशीराम तुरुंगात दोन वर्षं होता. तिथं त्याच्याबरोबर दोन प्रोफेसर होते. त्यांनी त्याला इंग्रजी शिकवलं, इतिहास शिकवला, पुस्तकं मागवून दिली. सुटून आल्यावर तो पुन्हा मास्तरकी करू लागला आणि बाहेरून इंटरच्या परीक्षेला बसला. वरच्या नंबरानं पास झाला. आता बी.ए.ची दोन वर्षं राहिली होती. त्यासाठी मात्र नागपूरला जाऊन कॉलेजातच बसावं लागणार होतं. स्कॉलरशिपला वयाची अट होती, आणि त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही मिळाली तर कधीच नाही. झिंगरूजी थकले होते, मास्तरकीवर घर चाललं होतं. ती सोडून नागपूरला स्वतःच्या पैशानं राहणं त्याला जमणारं नव्हतं.

त्याचा अर्ज आला त्या दिवशी सकाळीच रावसाहेबांनी हायस्कुलात त्याचा सत्कार केला होता. स्वतःच्या हातानं हार घातला, "हमारे तालुके का शेर" म्हणाले. मला वाटलं, चला, एक तरी काम यंदा सरळ होईल.

दुपारी मीटिंग. वकीलसाहेब बोट एकेक ओळ खाली सरकवत अर्ज वाचत होते. अकराव्या रकान्यावर बोट थांबलं. छापील प्रश्न असा होता: यापूर्वी सरकारी साहाय्य मिळाले आहे काय? तुळशीरामनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, "होय. दोन वर्षे. नागपूर येथे. राहणे, जेवण व कपडे."

"हा अर्ज नामंजूर करावा लागेल," वकीलसाहेब म्हणाले. "एकदा सरकारी साहाय्य मिळालेल्याला दुसऱ्यांदा नव्यानं देता येत नाही."

मी उभाच राहिलो. "साहेब, ती जेल आहे. तो जेलबद्दल लिहितोय."

"राहायला कोणी दिलं?"

"सरकारनं."

"जेवायला?"

"सरकारनंच. पण साहेब..."

"मग साहाय्य झालं. नियमात जेल वगळा असं कुठंही म्हटलेलं नाही."

तुळशीरामला आत बोलावलं. सकाळचा हार त्यानं काढून हातात धरला होता. रावसाहेबांनी विचारलं, "अरे बेटा, ये क्यों लिख दिया? नाही म्हणून लिहायचं."

"खोटं कायले लिहू जी?" तुळशीराम म्हणाला. "दोन सालं सरकारनंच पोसलं. तुमी तं नाई पोसलं."

रावसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांना वाईट वाटलं असावं. पण त्यांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं, वकीलसाहेबांनी मान हलवली, आणि हेडमास्तर म्हणाले, "योग्य आहे."

तेरा वर्षं मी तोंड बंद ठेवलं होतं. त्या दिवशीही मी भांडलो नाही, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. पण फॉर्मचं कपाट माझ्या ताब्यात होतं. त्यातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक फॉर्म असायचा, तो वापरताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. ज्याला आधी साहाय्य मिळालेलं आहे, त्याला तेच पुढं चालू ठेवण्याबद्दलचा. मी तो काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, नव्यानं देता येत नसेल, पण चालू ठेवता येतं का?"

वकीलसाहेबांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. पुस्तक काढलं. पान शोधलं. चष्मा पुसला. आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद पसरला, जो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"येतं," ते म्हणाले. "पुढील दोन वर्षे, नागपूर येथे, राहणे, जेवण व कपडे. नियमात चोख बसतं. वयाचीही अट नाही."

तुळशीरामनं माझ्याकडं पाहिलं. "बाबूजी, मले परत जेलात तं नाई धाडून रायले ना?"

"सही कर," मी म्हणालो.

त्यानं सही केली. रावसाहेबांनी शिफारस केली, हेडमास्तरांना ती योग्य वाटली. कागद नागपूरला गेला. त्यानंतरचे तीन आठवडे माझं जेवणात लक्ष नव्हतं. वर कोणी शुद्धीवरचा माणूस बसला असेल आणि त्यानं नीट वाचलं तर पोराचं वर्ष गेलं, आणि माझी नोकरीही गेली.

उत्तर आलं. साहाय्य चालू ठेवण्यास हरकत नाही. स्कॉलरशिपची रक्कम दरमहा कॉलेजमार्फत मिळेल. मात्र अर्जदारानं यापूर्वी जिथं राहून साहाय्य घेतलं, तिथल्या प्रमुखाचा हजेरीचा आणि वर्तणुकीचा दाखला कमिटीनं तपासून जोडावा.

आता आली पंचाईत. तुळशीराम म्हणाला, "जातो जी. त्याईनं कोंडलं, त्याईनंच लिहून द्यावं." आणि खरंच गेला. नागपूरच्या तुरुंगाच्या फाटकावर जाऊन जेलरला भेटायचं म्हणाला. आपणहून आत जायला मागणारा माणूस पाहून शिपाई चक्रावला. जेलर जुनाच होता, त्यानं याला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, असं तुळशीराम सांगतो. रजिस्टर मागवलं, पान काढलं, आणि विचारलं, "हजेरीचं काय लिहू?"

"रजिस्टरात पाहा ना जी. मले तं आठवते, रोजच होतो."

जेलरनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि शिक्का मारला.

कॉलेजात नाव घालायची मुदत परवा संपणार होती, तेव्हा कमिटीची मीटिंग बसली. तुळशीराम दाराशी उभा होता, बगलेत वळकटी, गाडी तासाभरात होती. मी दाखला टेबलावर ठेवला. शिक्का भलामोठा होता, कोणालाही दिसावा असा. वकीलसाहेबांनी तो पाहिला, सही पाहिली, तारीख पाहिली आणि म्हणाले, "प्रमुखाचा आहे. चालेल." हेडमास्तरांनी शिक्का पाहिला, त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी रावसाहेबांच्या खादीच्या टोपीकडं पाहिलं आणि म्हणाले, "योग्य आहे."

रावसाहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. "पढ़ो, बाबू. क्या लिखा है?"

मी मराठी करून वाचलं, "सदर इसम दोन वर्षे आमच्याकडे होता. वर्तणूक चांगली. या मुदतीत एकही दिवस गैरहजर नव्हता. रजेचा अर्ज एकदाही केला नाही."

रावसाहेबांनी टाक उचलला, सही केली, आणि दाराशी उभ्या तुळशीरामकडं पाहून हेडमास्तरांना म्हणाले, "सुना, मास्टरजी? दो साल में एक दिन की छुट्टी नहीं. हमारे हायस्कूल के लड़कों को भी वहीं भेजिए."